फाइव्ह आले, म्हणजे फर्स्ट इयर माफ?

जुलै उजाडला की ग्रुपवर स्क्रीनशॉट पडायला लागतात. ‘बायो ५, केम ५, कॅल्क ५!’ खाली आगीचे इमोजी, कुणाच्या तरी आईचे हात जोडलेले, आणि मग कुणीतरी विचारतंच, ‘म्हणजे आता फर्स्ट इयरचं बायो-केम करायलाच नको ना?’

मुंबई-पुण्यातल्या एखाद्या इंटरनॅशनल शाळेतून बाहेर पडून तुम्ही ऑगस्टमध्ये अमेरिकेला निघाला असाल आणि मनात डॉक्टर व्हायचं असेल, तर हा प्रश्न थेट तुमचा आहे. तुम्ही इथेच एफवायला असाल आणि एडिसनला वाढलेली मामेबहीण ‘दादा, तू सायन्सचा ना, सांग ना काय करू’ म्हणून मेसेज टाकत असेल, तर तो फिरून तुमच्याकडेच येणार आहे. गंमत अशी, की या प्रश्नाला ‘हो’ म्हणणारे सीनियर भेटतात आणि ‘मुळीच नाही’ म्हणणारेही भेटतात. दोघंही खरं बोलत असतात. फक्त ते दोन वेगळ्या दारांबद्दल बोलत असतात.

‘क्रेडिट’ हा शब्द आपल्याला आता नवा नाही. नवं शैक्षणिक धोरण आलं, मेजर-मायनर आलं, एबीसी आयडी काढण्यासाठी कॉलेजने आपल्या मागे लकडा लावला. अमुक तासांचा कोर्स म्हणजे अमुक क्रेडिट, एवढं गणित आपल्याला कळतं. अमेरिकेत त्याच्या पुढची एक सोय आहे. शाळेत असतानाच कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या पातळीचा विषय शिकायचा, मे महिन्यात त्याची परीक्षा द्यायची आणि चांगले गुण पडले तर पुढच्या कॉलेजने तो कोर्स झालाच असं धरायचं. हेच ते अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे एपी. सॅट घेणारं कॉलेज बोर्डच १९५० च्या दशकापासून या परीक्षा घेतं. गुण १ ते ५. तीनला पास म्हणतात, चार चांगले, पाच म्हणजे वरचा मान. शाळेत तो विषय शिकवत नसले तरी स्वतः अभ्यास करून परीक्षेला बसता येतं, त्यामुळे आपल्याकडेही दरवर्षी मुलं बसतात.

पैशाचा हिशेब बघितला तर मोह होणं साहजिक आहे. एका परीक्षेची फी अमेरिकेत शंभर डॉलरच्या आसपास, बाहेर त्याहून थोडी जास्त. तोच कोर्स खासगी विद्यापीठात केला तर काही हजार डॉलर. अनेक खासगी विद्यापीठांची नुसती ट्यूशन फी वर्षाला ६० हजार डॉलरच्या वर आहे. रुपयांत ते तुम्हीच करा, मी इथे लिहीत नाही, उगाच घरात वाद नको.

कॉलेजचं दार आणि मेडिकल स्कूलचं दार

आपल्याकडे बारावी पीसीबी, नीट आणि सरळ एमबीबीएस. अमेरिकेत बारावीनंतर मेडिकलला जाता येत नाही. आधी चार वर्षांची पदवी, मग चार वर्षांचं मेडिकल स्कूल, मग तीन ते सात वर्षांची रेसिडेन्सी. शाळेतूनच पदवी आणि एमडी एकत्र देणारे काही जोड-कोर्स आहेत, ब्राउन विद्यापीठाचा आठ वर्षांचा किंवा मिसुरीत कॅन्सस सिटीचा सहा वर्षांचा. पण जागा मोजक्या. बाकी सगळ्यांना आधी पदवीच करावी लागते, आणि ती कशात करायची ते तुमच्यावर. इतिहासात करा, कॉम्प्युटर सायन्समध्ये करा. ‘प्री-मेड’ ही डिग्री नाही, ती एक यादी आहे. एक वर्ष बायॉलॉजी, एक वर्ष जनरल केमिस्ट्री, एक वर्ष ऑरगॅनिक, एक वर्ष फिजिक्स, आणि या सगळ्यांची प्रॅक्टिकल्स. शिवाय बायोकेमिस्ट्री, थोडं गणित किंवा स्टॅटिस्टिक्स, थोडं इंग्रजी. प्रत्येक मेडिकल स्कूलची यादी थोडीफार वेगळी असते, पण गाभा हाच.

या यादीचं मूळ बरंच जुनं आहे. १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर नावाच्या गृहस्थाने अमेरिका-कॅनडातल्या मेडिकल कॉलेजांची पाहणी करून एक अहवाल लिहिला. हे स्वतः डॉक्टर नव्हते, शाळामास्तर होते. मेडिकलला येणाऱ्या मुलाचं केमिस्ट्री, बायॉलॉजी, फिजिक्स आधीच कॉलेजात पक्कं झालेलं असावं, असा त्यांचा आग्रह होता. शंभर वर्षांनंतर, २००९ मध्ये, तिथल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेने कोर्सची नावं मोजण्यापेक्षा मुलाला काय येतं ते बघा, असं सुचवणारा अहवाल काढला आणि काही कॉलेजांनी सक्तीची यादी सैल केली. पण बहुसंख्य ठिकाणी ती अजून आहे.

आता दारं. पहिलं दार तुमच्या पदवीच्या कॉलेजचं. तिथे एपीचं काय होतं हे कॉलेज ठरवतं. इलिनॉयसारख्या काही राज्यांत सरकारी विद्यापीठांनी ३ गुणांनाही क्रेडिट दिलंच पाहिजे, असा कायदा आहे. काही नावाजलेली खासगी कॉलेजं ५ शिवाय बोलत नाहीत. काही जण क्रेडिट देत नाहीत, फक्त पुढच्या कोर्सला बसू देतात. म्हणजे पायरी वगळायला परवानगी, पण पदवीच्या एकूण क्रेडिटमध्ये भर नाही. हे दोन्ही सारखं वाटतं, पण सारखं नाही, आणि घोळ इथेच सुरू होतो.

दुसरं दार मेडिकल स्कूलचं, आणि ते चार वर्षांनी उघडतं. त्या दाराशी कॉलेज बोर्डाचा तो स्क्रीनशॉट दाखवून उपयोग नसतो. तुमच्या कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे अधिकृत गुणपत्रिकेवर, ‘एपी केमिस्ट्री, अमुक क्रेडिट’ असं विषयाच्या नावासकट छापलेलं असेल तरच ते तिथे मोजलं जाण्याची शक्यता. टेक्सासमधली मेडिकल स्कूल्स असं छापलेलं क्रेडिट साधारणपणे मान्य करतात. दुसरीकडे अशी बरीच आहेत, जी म्हणतात, ‘तुमच्या कॉलेजने पहिला कोर्स माफ केला ना? ठीक आहे. मग त्याच विषयातला वरचा कोर्स प्रॅक्टिकलसकट करून दाखवा.’ आणि काही ठिकाणी बायॉलॉजी-केमिस्ट्रीसाठी एपी चालतच नाही, गणितासाठी चालतं.

म्हणजे पहिल्या दारातून तुम्ही टेचात आत जाता, फर्स्ट इयरचं बायो सोडता, वेगळं काहीतरी शिकता, आणि चौथ्या वर्षी कळतं की ज्या पाच मेडिकल स्कूल्सवर जीव आहे त्यातल्या तिघांच्या लेखी तुमचं बायॉलॉजी झालेलंच नाही. मग शेवटच्या सेमिस्टरला किंवा उन्हाळ्यात धावपळ. ज्या फीच्या बचतीसाठी हे केलं, ती फी तिथे भरायची.

विषय बघून ठरवा

‘एपी वापरू की नको’ हा प्रश्नच मला थोडा चुकीचा वाटतो. ‘हा विषय पुढे पुन्हा माझ्या वाटेत येणार आहे का’ हे विचारलं तर उत्तर लवकर सापडतं.

गणित घ्या. कॅल्क्युलसची परीक्षा चांगली गेली असेल तर ते क्रेडिट डोळे मिटून घ्या. बहुतेक मेडिकल स्कूल्स ते मानतात, कित्येकांना तर कॅल्क्युलसची अटच नाही. स्टॅटिस्टिक्सचंही तसंच, फक्त पुढे जमलं तर बायोस्टॅटिस्टिक्सचा एखादा कोर्स करा, संशोधनाचे पेपर वाचताना तो कामाला येतो.

केमिस्ट्रीत मात्र थांबा. इथेच सगळ्यात जास्त मुलं आपटतात. एपी केमिस्ट्रीत ५ आले की अनेक कॉलेजं तुम्हाला पहिल्याच सेमिस्टरला थेट ऑरगॅनिक केमिस्ट्रीत बसू देतात. ऐकायला भारी वाटतं. पण तुमच्या ओळखीत डिप्लोमा करून इंजिनीअरिंगला डायरेक्ट सेकंड इयरला आलेलं कुणी असेल, तर त्याला एम-थ्रीबद्दल विचारा. एम-वन, एम-टू न करता थेट तिसऱ्या गणिताला सामोरं जाणं काय असतं, हे तो चहाचे दोन कप होईपर्यंत सांगेल. त्याला विषय येत नाही असं नसतं. वर्गाची चाल, परीक्षेची पद्धत, सरांना काय अपेक्षित आहे हे बाकीच्यांना वर्षभरात कळलेलं असतं आणि त्याला ते पहिल्या टेस्टनंतर कळतं. ऑरगॅनिक हा तर प्री-मेडच्या मुलांना चाळणी लावणारा कोर्स म्हणूनच प्रसिद्ध आहे. घर सोडून नवा देश, नवी रूममेट, स्वतःचे कपडे स्वतः धुण्याचे दिवस, आणि त्यात पहिल्याच सेमिस्टरला ऑरगॅनिक! काहींना झेपतं. मला विचाराल तर एपीची परीक्षा होऊन वर्ष उलटलं असेल, किंवा शाळेत हाताने प्रयोग कमी आणि सिम्युलेशन जास्त झालं असेल, तर जनरल केमिस्ट्री करून घ्यावी. पहिला भाग अगदीच कंटाळवाणा वाटला तर काही कॉलेजांत दोन सेमिस्टरचं एकात बसवलेला वेगवान कोर्स असतो, तो बघा.

बायॉलॉजीत एपी वगळण्याला मेडिकल स्कूल्सचा विरोध सर्वात जास्त. त्यात नवल नाही. डॉक्टर व्हायला निघालेल्या माणसाने कॉलेजात बायॉलॉजी केलंच नाही, हे त्यांना कसं पटावं? पण बायोचं एक बरं आहे. पहिला कोर्स सोडलात तरी जेनेटिक्स, सेल बायॉलॉजी, फिजिऑलॉजी असे वरचे कोर्स तुम्ही बायो-मेजर असाल तर करणारच आहात, आणि तेच कोर्स ‘वरचं करून दाखवा’ म्हणणाऱ्यांच्या अटीत बसतात. इतिहास किंवा अर्थशास्त्र घेऊन डॉक्टर व्हायचं ठरवलं असेल तर मात्र हे आपोआप होत नाही. ते वेळापत्रकात मुद्दाम बसवावं लागतं.

फिजिक्समध्ये एपीचेच प्रकार आहेत. वन आणि टू हे बीजगणितावर चालणारे, सी हा कॅल्क्युलसवरचा. कुठल्याला कशाचं क्रेडिट मिळतं हे कॉलेजगणिक बदलतं, आणि प्रॅक्टिकलचं क्रेडिट धरलंय की नाही तेही वेगळं बघावं लागतं. इंग्रजीचं म्हणाल तर कॉलेज तुम्हाला पहिल्या वर्षाच्या लेखनाच्या कोर्समधून सोडेल, पण मेडिकल स्कूल्स बऱ्याचदा कॉलेजात केलेला लेखनाचा कोर्स मागतात. एखादा साहित्याचा कोर्स घ्या, त्यात भरपूर लिहायला लागतं आणि अट सुटते.

आणि सायकॉलॉजी. २०१५ पासून एमकॅटमध्ये मानसशास्त्र-समाजशास्त्राचा स्वतंत्र विभाग आला, तेव्हापासून एपी सायकॉलॉजीला भाव आलाय. इथे डार्टमथ कॉलेजचा किस्सा ऐकण्यासारखा आहे. तिथल्या मानसशास्त्र विभागाने एपी सायकॉलॉजीत ५ मिळवलेल्या शंभरहून अधिक नव्या मुलांना आपल्या पहिल्या कोर्सच्या अंतिम परीक्षेची छोटी आवृत्ती सोडवायला दिली. नव्वद टक्के नापास झाली. २०१३ च्या सुरुवातीला कॉलेजने जाहीर केलं, की पुढच्या वर्षीपासून येणाऱ्या मुलांना एपीवर पदवीचं क्रेडिट नाही, फार तर वरच्या कोर्सला बसू देऊ. कॉलेज बोर्डाला ही पाहणी अर्थातच पटली नाही. आणि खरं सांगायचं तर एका विभागाच्या एका परीक्षेवरून सगळं एपी मोडीत काढता येणार नाही. मेमध्ये दिलेली परीक्षा सप्टेंबरमध्ये अचानक पुन्हा समोर आली तर आपल्यापैकी कितीजण पास होतील, हेही स्वतःला विचारून बघा. पण प्राध्यापकांच्या मनात ही शंका का असते, ते यावरून कळतं.

एमकॅटचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट. ही परीक्षा मधल्या सुट्ट्या धरून साडेसात तासांची, गुण ४७२ ते ५२८. तिच्या केमिस्ट्री-फिजिक्सच्या विभागात जनरल केमिस्ट्रीचा वाटा सुमारे ३० टक्के असतो आणि ऑरगॅनिकचा १५. बायॉलॉजीच्या विभागात तर पहिल्या वर्षाच्या बायोचाच वाटा ६५ टक्क्यांच्या घरात. म्हणजे सोळाव्या-सतराव्या वर्षी शाळेत शिकलेलं आणि नंतर कधीच न उघडलेलं पुस्तक विसाव्या वर्षी पुन्हा समोर येतं, आणि तेही सगळ्यात वजनदार भागात. क्रेडिट घेऊन कोर्स सोडला, तर एमकॅटसाठी तो घरी बसून करावाच लागतो.

३.५ की ३.७?

आता जो भाग ग्रुपवर कुणी सांगत नाही, तो.

अमेरिकेतल्या बहुतेक एमडी कॉलेजांना एकच सामायिक अर्ज जातो, त्याला तिकडची मुलं ‘अॅम्कास’ म्हणतात. हा अर्ज तुमचा जीपीए दोन प्रकारे काढतो: एकूण, आणि फक्त बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, मॅथ्सचा वेगळा. एपीचं क्रेडिट अर्जात दिसतं, पण त्याला ग्रेड नसते, त्यामुळे ते जीपीएत मोजलं जात नाही. तुमचे ते पाचपैकी पाच इथे मुके.

एक साधं उदाहरण घेऊ. तुम्ही बायो आणि केमचे पहिले चारही कोर्स एपीवर सोडले. उरलेले सायन्सचे सहा कोर्स केले: ऑरगॅनिकचे दोन, फिजिक्सचे दोन, बायोकेमिस्ट्री, जेनेटिक्स. अवघडच ते. तीनमध्ये ए मिळाली, तीनमध्ये बी. ए म्हणजे ४, बी म्हणजे ३. सरासरी ३.५. आता समजा तुम्ही ते चार कोर्स कॉलेजात केले असते, आणि विषय आधी येत असल्यामुळे चारही ठिकाणी ए पडली असती. दहा कोर्सची बेरीज ३७, सरासरी ३.७. मेडिकल स्कूलला प्रवेश मिळालेल्यांची सरासरी आजकाल ३.७ च्या वरच असते. वर्षाला ५० हजारांवर मुलं अर्ज करतात आणि साधारण २३ हजारांना जागा मिळते. त्या गर्दीत ३.५ आणि ३.७ यांत किती अंतर आहे, ते सीईटीचे कटऑफ बघितलेल्या तुम्हाला सांगायला नको.

पण म्हणून ‘सगळं पुन्हा करा, फुकटची ए मिळेल’ हा सल्लाही मी देणार नाही. एकतर तोच कोर्स कॉलेजात केला की बहुतेक ठिकाणी त्याचं एपी क्रेडिट रद्द होतं. आणि पहिल्या वर्षाच्या वर्गात दोन-तीनशे मुलं असतात, बऱ्याच ठिकाणी ग्रेड एकमेकांच्या तुलनेत ठरते, आणि ‘मला तर हे सगळं येतं’ म्हणून लेक्चर बुडवणाऱ्याला हमखास बी पडते. मग क्रेडिटही गेलं आणि ग्रेडही. पुन्हा करायचंच असेल तर नवा विषय समजून करा, नाहीतर वरचा कोर्स घ्या.

या दोन टोकांच्या मध्ये एपीचा एक फायदा उरतो, ज्याकडे कुणी फारसं बघत नाही. अनेक विद्यापीठांत जास्त क्रेडिट असलेल्यांना कोर्स निवडायची खिडकी आधी उघडते. ज्या लॅबच्या तुकडीत शेवटच्या मुलाला जागा मिळत नाही, ती तुम्हाला मिळते. इतिहास, अर्थशास्त्र, परकीय भाषा अशा प्री-मेडच्या यादीत नसलेल्या विषयांचं एपी क्रेडिट पदवीच्या सर्वसाधारण अटी भागवतं आणि वेळापत्रकात मोकळी जागा करून देतं. ती जागा हॉस्पिटलात स्वयंसेवक म्हणून काम करायला, संशोधनाला, किंवा ज्या सेमिस्टरला ऑरगॅनिक आहे ते हलकं ठेवायला वापरता येते. मला एपीचा हा उपयोग सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

तीन वर्षांत पदवी, मग?

‘माझ्या चुलत भावाने एपीच्या जोरावर तीन वर्षांत डिग्री उरकली’ हे वाक्य गणपतीत जमलेल्या प्रत्येक मराठी मंडळात एकदा तरी ऐकू येतं. आई-बाबांचे डोळे चमकतात, कारण एका वर्षाची फी वाचली. ती खरंच वाचते.

आता अर्जाचं वेळापत्रक बघा. मेडिकल स्कूलचा अर्ज मेमध्ये उघडतो, जूनच्या आसपास भरायचा, मग हिवाळाभर मुलाखती, आणि प्रत्यक्ष कॉलेज पुढच्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये. तीन वर्षांत पदवी घेऊन लगेच मेडिकलला जायचं असेल, तर अर्ज दुसरं वर्ष संपता संपता भरायला हवा. म्हणजे एमकॅट दुसऱ्याच वर्षी. त्यासाठी बायोकेमिस्ट्री, फिजिक्स सगळं तोवर झालेलं हवं. शिफारसपत्र देणारे प्राध्यापक तुम्हाला दीड-दोन वर्षंच ओळखत असतील, हॉस्पिटलमधला अनुभव एका उन्हाळ्याचा असेल. अठराव्या वर्षी दमदार वाटणारी ही धाव विसाव्या वर्षी अर्ज भरताना तोकडी दिसते. त्यामुळे तीन वर्षांत पदवी घेणारे अनेकजण मधलं एक वर्ष नोकरी किंवा संशोधन करतात आणि मग मेडिकलला जातात. हा मार्ग वाईट नाही. वर्ष वाचत नाही, फी वाचते, आणि कदाचित पगारही मिळतो. फक्त हे आधीच घरी समजावून सांगा, नाहीतर ‘डिग्री झाली तरी घरी कसा’ हा प्रश्न व्हिडिओ कॉलवर दर रविवारी येईल.

इथून जाणाऱ्यांसाठी

इथपर्यंतचं सगळं तुमच्या एडिसनच्या मामेबहिणीला लागू आहे. तिच्याकडे अमेरिकेचा पासपोर्ट आहे. तुमच्याकडे भारताचा असेल तर आणखी काही गोष्टी आधी बोलायला हव्यात, कारण एजंट आणि ब्रोशर त्या बोलत नाहीत.

अमेरिकेतली बहुतांश एमडी कॉलेजं परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज विचारातच घेत नाहीत. जी घेतात, तिथे जागा मोजक्या असतात. सरकारी शैक्षणिक कर्ज परदेशी विद्यार्थ्यांना मिळत नाही, आणि काही कॉलेजं एक किंवा त्याहून जास्त वर्षांची फी आधीच बाजूला ठेवल्याचा पुरावा मागतात. एपीमध्ये दहा विषयांत ५ मिळवून हे दार रुंद होत नाही. म्हणून एपी वापरायचं की नाही हे ठरवण्याआधी पदवी कशात घेता त्याचा विचार करा. मेडिकल नाही झालं तर त्या पदवीवर तुम्हाला काय करायला आवडेल? बायोस्टॅटिस्टिक्स, पब्लिक हेल्थ, बायोमेडिकल इंजिनीअरिंग असं काही असेल तर एपीने मोकळी झालेली जागा तिकडे लावणं जास्त उपयोगाचं.

आणखी एक. एफ-वन व्हिसावर असताना पदवीच्या विद्यार्थ्याला प्रत्येक सेमिस्टरला साधारण १२ क्रेडिटचा पूर्णवेळ अभ्यासक्रम घ्यावाच लागतो. आधी मिळालेलं एपीचं क्रेडिट त्यात धरत नाहीत. ‘माझे वीस क्रेडिट आधीच झालेत, म्हणून या वेळी दोनच कोर्स’ हा विचार व्हिसावर बेतू शकतो. सेमिस्टर हलकं करायचं म्हणजे पंधरावरून बारावर येणं, आठवर नाही.

आणि तुमच्यातल्या ज्यांना डॉक्टर व्हायचंच आहे, अमेरिका हवीच असं नाही, किंवा हवी पण नंतर चालेल, त्यांच्यासाठी नीट देऊन इथे एमबीबीएस आणि मग यूएसएमएलई देऊन तिथे रेसिडेन्सी हा जुना रस्ता अजून चालू आहे. तिथल्या हॉस्पिटलांत भारतात शिकलेले डॉक्टर भरपूर आहेत. त्या रस्त्यावर एपीचा काडीचा उपयोग नाही. नीटला एपी चालत नाही, बारावीचं पीसीबीच लागतं. दोन्ही डगरींवर पाय ठेवणाऱ्या मुलांची अकरावी-बारावी कशी जाते, ते वेगळं लिहावं लागेल.

जायचं पक्कं असेल तर ऑगस्टमध्ये कॉलेजला पोहोचल्यावर दोन माणसांना गाठा. एक रजिस्ट्रार ऑफिसमधलं: ट्रान्सक्रिप्टवर एपी विषयाच्या नावाने छापतात की नुसतं ‘एकूण क्रेडिट’ म्हणून? आणि क्रेडिट नाकारायचं झालं तर मुदत कधीपर्यंत? दुसरा प्री-हेल्थ अॅडव्हायझर: आपल्या कॉलेजच्या मुलांचे अर्ज कुठल्या मेडिकल स्कूल्समध्ये जातात आणि तिथे एपीचं काय होतं? मेडिकल कॉलेजांच्या संघटनेची एक सशुल्क माहितीसूची आहे, त्यात प्रत्येक स्कूलची एपीबाबतची भूमिका दिलेली असते. वर्गणी दोघी-तिघींत वाटून न घेता कॉलेजच्या अॅडव्हायझिंग ऑफिसात बघायला मिळते का ते आधी विचारा. मध्येच कॉलेज बदललंत तर नवं कॉलेज तुमचं एपी पुन्हा पहिल्यापासून तपासतं, तेव्हा कॉलेज बोर्डाकडून गुण तिकडे नव्याने पाठवावे लागतात.

आणि अॅडव्हायझर तोंडी जे काही सांगेल, त्याचा मेल मागून घ्या.